ऑर्गन मिस्त्रींच्या वह्या आणि आराखडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा संग्रह कोणाचा आणि त्यात कशाची कागदपत्रं आहेत?

आमच्या आजोबांची. वडसा (म्हणजेच देसाईगंज, जि. गडचिरोली) भागात ते ऑर्गन आणि पेट्या (हार्मोनियम) बनवत, त्याहून जास्त दुरुस्त करत. त्यांना नावाने हाक मारणारे फार थोडे होते. नाटकवाले, भजनी मंडळं, पोस्टमन, लाकूडवाले, सगळ्यांचे ते 'मिस्त्री'. इथेही तेच नाव ठेवलं आहे. ते १९९४ मध्ये गेले. त्यांच्या कामाच्या वह्या, आराखडे, गिऱ्हाइकांची पत्रं, लाकडाच्या मापकाठ्या आणि थोडी हत्यारं आम्ही घरीच, देसाईगंज तालुक्यातल्या आमच्या गावी, जपून ठेवली आहेत.

लोक विचारतात ते प्रश्न बहुतेक तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहोत.

ऑर्गन म्हणजे चर्चमधला, मोठमोठ्या नळ्यांचा का?

नाही. नळ्यांच्या ऑर्गनला आपल्याकडे पाइप ऑर्गन म्हणतात. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये तसा आहे. त्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी लागते आणि सूर नळीतल्या हवेच्या लांबीवर ठरतो. पियानोच्या मधल्या 'सी'च्या खाली दोन सप्तकं गेलं की जो सूर येतो, त्याची उघडी नळी साधारण आठ फुटांची असते. असं वाद्य इमारतीबरोबरच उभं राहतं. ते उचलून बैलबंडीत घालता येत नाही.

मिस्त्रींचा ऑर्गन म्हणजे पायाने हवा मारायचा, पितळी रीडचा ऑर्गन. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पितळेची पातळ जीभ. बाहेरून लहान कपाटासारखा दिसतो. खाली दोन पायदाब्या, वर पाच सप्तकांच्या पट्ट्या, गुडघ्याने आवाज कमीजास्त करायची फळी. आपल्या हातपेटीचा तो थोरला भाऊ, पण दोघांत एक मोठा फरक आहे. पेटीचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो. त्यामुळे आवाज मऊ, गोल येतो, गळ्याला धरून चालतो. नाटकवाल्यांना तो का आवडला ते एकदा ऐकलं की कळतं.

हवामानाचाही एक मुद्दा आहे. नळीचा सूर हवेच्या तापमानाप्रमाणे चढतो-उतरतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर असतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ वर जातो. एवढ्या फरकात नळीचा सूर जवळजवळ अर्धा स्वर चढेल, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत काळी एकचा पांढरी दोन होईल. पितळी रीड त्या मानाने जागची फारशी हलत नाही. रात्री दहाला नांदी आणि पहाटे पाचला भैरवी, तीही उघड्या मैदानात, अशी जिथे रीत आहे तिथे रीडचाच ऑर्गन टिकणार होता.

मग इतक्या आडभागात हे वाद्य आलं कसं?

नाटकामुळे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं पर्व सुरू झालं. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या काळात गायक नटाच्या साथीला ऑर्गन हे जणू ठरूनच गेलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आधीपासून होतीच. त्यावर संगीत नाटकाचं कलम बसलं. ते शहरात सुकल्यावरही इथे हिरवं राहिलं. धान घरात आलं, दिवाळी झाली की मंडई (जत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि गावोगावी रात्रभराची नाटकं लागतात. वडसा हे या नाटक कंपन्यांचं ठाणं.

जितकी नाटकं तितके ऑर्गन, आणि प्रत्येक ऑर्गन हंगामभर बंडीत, ट्रकमध्ये, शेतातल्या धुळीत. दुरुस्तीला माणूस हवाच होता. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी साखर वाटली होती. नटांची नावं आता कुठे कागदावर यायला लागली आहेत. वाद्य चालतं ठेवणाऱ्यांची अजून यायची आहेत. हा संग्रह जपण्यामागे तेही एक कारण आहे.

मिस्त्री ऑर्गन स्वतः बनवत होते की नुसते दुरुस्त करत?

दोन्ही. त्यांच्या हाताखालून गेलेली बरीचशी वाद्यं परदेशी होती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो गावी एस्टे नावाची कंपनी होती. तिने पाच लाखांहून जास्त रीड ऑर्गन बनवले. १९६० मध्ये ती बंद पडली, तेव्हा अशा वाद्याचा सुटा भाग मागवायची सोयच संपली. मोडकं वाद्य उघडायचं, प्रत्येक भागाचं माप घ्यायचं आणि तोच भाग इथल्या लाकडात, इथल्या चामड्यात घडवायचा, हा एकच रस्ता उरला. वहीत उतरलेली बरीचशी मापं अशीच आली आहेत.

पुढे त्यांनी संपूर्ण ऑर्गनही केले. रीड मात्र स्वतः ओतल्या-कापल्या नाहीत. त्या गुजरातेतल्या पालिताण्याहून यायच्या, नाहीतर निकामी परदेशी वाद्यांतून काढून ठेवलेल्या असायच्या.

वह्यांमध्ये नेमकं काय लिहिलं आहे?

तीन प्रकारचं लिखाण आहे आणि ते एकमेकांत मिसळलेलं आहे. एक, दुरुस्तीची नोंद : वाद्य कुठून आलं, काय बिघडलं होतं, काय केलं. दोन, हिशेब. तीन, मापं आणि रेखाटनं. एकाच पानावर वर भात्याच्या कापडाची किंमत, मध्ये झडपेचं चित्र आणि खाली कोणत्या गावाला कधी जायचं ते, असं सर्रास आहे. ही पानं आम्ही सुटी करून विषयवार लावलेली नाहीत, लावणारही नाही. चित्राशेजारचा हिशेब पाहूनच ते चित्र कोणत्या वाद्याचं होतं ते कळतं. पान वेगळं केलं की तो धागा तुटतो.

मोठे आराखडे पाठकोऱ्या कागदांवर आहेत. कॅलेंडरची मागची बाजू, खाकी कागद, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नाटकांच्या जाहिराती. माझ्या आवडीचा एक कागद सांगतो. एका बाजूला लाल शाईत नाटकाची जाहिरात, अर्धी फाटलेली. मागे शिसपेन्सिलीत हवेच्या एका झडपेचं पूर्ण आकाराचं चित्र. झडपेच्या तोंडाला चामडं किती पुढे यायला हवं ते तीन वेगवेगळ्या रेषांनी काढलं आहे. त्यातल्या दोन खोडल्या आहेत आणि तिसरीवर अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे, सरसाचा. सरस गरम असतानाच कागद धरला होता हे उघड आहे. म्हणजे हे चित्र आधी बसून काढलेलं नाही. काम चालू असताना, झडप हवा सोडते की धरते ते पाहत पाहत काढलं आहे. अशा कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आम्ही घेतो. झाडीपट्टीवर काम करणाऱ्यांना जाहिरातीची बाजू जास्त कामाची वाटते, कारागिरांना मागची.

कागदांवर तारखा नाहीत असं ऐकलं. मग काळ कसा ठरवता?

तारखा आहेत, पण कमी, आणि बऱ्याचदा नुसती तिथी. साल नाही. तेव्हा कागदातल्या इतर खुणा धरून जावं लागतं. घरातले जुने कागद लावणाऱ्या कोणालाही या खुणा उपयोगी पडतील.

पहिली खूण पैशाची. १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले. त्याआधी रुपये-आणे-पै. 'न. पै.' असं लिहिलं असेल तर कागद त्यानंतरच्या काही वर्षांतला, कारण १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गळला आणि नुसते पैसे राहिले.

दुसरी खूण पत्त्याची, आणि आमच्या भागात ही फार बोलकी आहे. 'सी. पी. अँड बेरार', मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गाव जागचं हललं नाही, राज्यं बदलत गेली. जिल्ह्याचंही तसंच. जि. चांदा, मग १९६४ च्या सुमारास जि. चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाल्यावर जि. गडचिरोली. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ चा, म्हणजे मिस्त्रींच्या हयातीतल्या एकाही पत्रावर तो दिसायचा नाही. तिकडची सगळी पत्रं 'जि. भंडारा' म्हणूनच आली आहेत.

तिसरी खूण पिनकोडची. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून आला.

यात एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. नवी खूण दिसली तर ती खात्रीची, जुनी खूण दिसली तर ती नुसता अंदाज. पत्त्यात 'गडचिरोली' असेल तर पत्र १९८२ नंतरचंच. पण 'चांदा' आहे म्हणून ते १९६४ च्या आधीचं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हातारी माणसं आजही चांदाच म्हणतात. हिशेबातल्या आण्यांचंही तेच. मिस्त्री पैसे आल्यावरही काही वर्षं कच्चा हिशेब आण्यांतच मांडायचे. म्हणून कोणताही कागद एका खुणेवर ठरवत नाही. दोन-तीन खुणा जुळल्या तरच काळ लिहितो, नाहीतर जागा रिकामी ठेवतो.

मापं इंचात आहेत की सेंटिमीटरमध्ये? 'सूत' म्हणजे किती?

इंच आणि सूत. एका इंचाचे आठ सूत. 'सहा इंच चार सूत' म्हणजे साडेसहा इंच. मेट्रिक मापं आल्यावरही सुतारकामात सूत गेलं नाही, त्यामुळे मापावरून कागदाचा काळ ठरत नाही.

कागदी आराखडे असताना लाकडाच्या मापकाठ्या कशाला?

संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती असं विचारलं तर मी या काठ्यांकडे बोट दाखवीन.

पट्ट्यांचं उदाहरण घ्या. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांची एकूण रुंदी साडेसहा इंच, म्हणजे ५२ सूत. ५२ ला ७ ने भाग जात नाही. एक पट्टी साधारण ७.४ सुतांची येते. कोणी सोयीसाठी साडेसात धरून एकेक पट्टी मापत गेला, तर पाच सप्तकांच्या ३६ पांढऱ्या पट्ट्या संपेपर्यंत अडीच सुतांहून जास्त फरक पडतो. शेवटच्या पट्ट्या चौकटीत बसतच नाहीत आणि त्यांच्याखालची झडपही रीडच्या घरावर नीट येत नाही. म्हणून पट्टी-पट्टी मापायची नाही. पूर्ण लांबीच्या काठीवर सगळ्या रेघा एकदाच पाडायच्या आणि काठी कामावर ठेवून खुणा उतरवायच्या. ती चूक मग साठत जात नाही.

दुसरं कारण पाऊस. कागद दमट हवेत वाढतो, उन्हाळ्यात आकसतो. वाळलेलं सागवान लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. मिस्त्रींनी खाकी कागदावरच्या प्रत्येक मोठ्या आराखड्याच्या कोपऱ्यात बरोबर एक फुटाची रेघ मारून ठेवली आहे. आज ती रेघ मोजली की कागद किती हलला ते कळतं आणि बाकीची मापं तेवढी सुधारून घेता येतात. परदेशातले पाइप ऑर्गनवालेही वाद्याच्या मांडणीसाठी अशाच काठ्या वापरत आले आहेत. मिस्त्रींना ते कोणी शिकवलं नव्हतं. कामानेच त्यांना तिथे नेलं.

कोणतं लाकूड वापरत?

बाहेरच्या खोक्याला सागवान, शक्यतो आलापल्लीचं. पट्ट्यांना शिवण, कारण ती हलकी, कापायला सरळ आणि पावसाळ्यात कमी फुगणारी. वहीत फळी कधी चिरली आणि कधी वापरली याच्या नोंदी आहेत. मधले उन्हाळे मोजूनच ते फळी हातात घेत. पॉलिश चपड्याचं. लाख याच भागातली, पळसावरची.

आमच्या मंडळाकडे जुना ऑर्गन पडून आहे. वाजत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आम्हाला तो सगळ्यात प्रिय आहे. कारण हे कागद त्यासाठीच आहेत.

आधी काय करू नये ते सांगतो. जोराने पाय मारून पाहू नका. कापड कुजलेलं असेल तर जे थोडं शाबूत आहे तेही फाटेल. तेल कुठेही घालू नका. रीडवर तेल गेलं की धूळ चिकटते आणि सूर बसतो, आणि लाकडात मुरलेल्या तेलावर पुन्हा सरस धरत नाही. रीड पाण्याने धुऊ नका. कपाट म्हणून वरचं खोकं आणि भंगार म्हणून पितळ, असं वेगवेगळं विकायची बोलणी कोणी करत असेल तर त्याला नकार द्या.

मग काय करावं? कोरड्या, सावलीच्या जागी, भिंतीपासून थोडं दूर आणि विटांवर उचलून ठेवा, म्हणजे वाळवी लागली तर दिसेल. मागची फळी काढा आणि आत हात घालण्याआधी फोटो घ्या. कंपनीचं नाव, क्रमांक, आत पेन्सिलीने लिहिलेली एखादी ओळ, सगळं टिपून ठेवा. उंदराचं घर निघालं तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. पण चामड्याचे तुकडे फेकू नका. त्यांच्यावरून मूळ जाडी कळते.

एखादाच सूर गप्प असेल तर बहुतेक वेळा रीडच्या जिभेखाली धुळीचा कण असतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये रीड आपापल्या खाचेत नुसती सरकवलेली असते. आकड्याने ती बाहेर ओढता येते. एका वेळी एकच काढा, मऊ कुंचल्याने झटका आणि त्याच खाचेत परत सरकवा. सगळ्या एकदम काढून ताटात ओतल्या तर पुढचं काम कित्येक पटींनी वाढतं. दोन पूर्ण रांगांच्या वाद्यात अशा १२२ रीड असतात.

सगळेच सूर बसके येत असतील, पाय मारून मारून दमायला होत असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे. भात्याचं कापड बदलावं लागेल. इथे रेक्झिन लावायचा मोह होतो, कारण ते तालुक्याला लगेच मिळतं. पण ते ताठ असतं, घडीवर लवकर चिरतं. रबराचा पातळ थर दिलेलं सुती कापडच हवं. आणि चिकटवायला गरम सरस. पांढरा सिंथेटिक गोंद पक्का बसतो हे खरं, पण पुढच्या कारागिराला तो सोडवता येत नाही आणि सोडवायला गेलं की लाकूड सोलून निघतं. मिस्त्रींच्या जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीत हा विचार दिसतो : आपल्यानंतर हे वाद्य पुन्हा कोणीतरी उघडणार आहे.

फोटो आणि मापं पाठवलीत तर त्या बनावटीची नोंद वह्यांत आहे का ते आम्ही शोधून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

रीडचा सूर घरी लावता येतो का?

तत्त्व सोपं आहे. रीडच्या टोकाकडे घासलं की ती हलकी होऊन सूर चढतो. बुडाकडे घासलं की ती लवचिक होऊन सूर उतरतो. हात बसवायला मात्र वर्षं लागतात. घासलेलं पितळ परत येत नाही. आधी रीड स्वच्छ करा, झडप तपासा, मग कानाला विचारा. अर्ध्याहून जास्त वेळा कानस हातात घ्यावीच लागत नाही, असं मिस्त्री शिकायला येणाऱ्या पोरांना सांगायचे.

आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. तेव्हा मिस्त्रींचं काम थांबलं का?

नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. झाडीपट्टीच्या रात्रींवर त्याचा काही परिणाम झाल्याचं या कागदांत तरी दिसत नाही. काम कमी झालं ते फार नंतर, कीबोर्ड आल्यावर. वजन कमी, पायाची मेहनत नाही, जनरेटर लावला की झालं. कंपन्यांनी तो घेतला यात गैर काही नाही. जुने ऑर्गन मात्र तेव्हापासून गोठ्यात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गेले.

कागद कसे जपता? आमच्याकडेही सुतार-सोनार-लोहार आजोबांच्या वह्या आहेत.

मग त्या आजच बाहेर काढून पाहा. आपल्याकडे कागदाचे तीन शत्रू : वाळवी, कसर आणि चार महिन्यांची ओल. मे महिन्याचं ऊनही कमी नाही. त्याने कागद ठिसूळ होतो आणि निळ्या छापाचे नकाशे उडून जातात.

लोखंडी ट्रंकेत घट्ट कोंबून ठेवू नका, आत दव धरतं. फळीवर, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, सुती कापडात बांधून ठेवा. टाचण्या आणि रबर काढून टाका. टाचणी गंजते, रबर वितळून कागदाला चिकटतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, आणि प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन तर अजिबात नको. ते केलं की मागे येता येत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर पूर्ण वाळवून, फडक्यात बांधून, कागदाला न लागेल असा. ओला पाला स्वतःच ओल आणतो. कसर लागलेली वही घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तर कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्यायची, म्हणजे पाणी धरेल ते पिशवीच्या बाहेरून.

आणि क्रम मोडू नका. कोणत्या वहीत कोणता सुटा कागद खोचलेला होता ते आधी लिहून ठेवा, मगच तो काढा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा. माप दिसत नसलेला आराखड्याचा फोटो कारागिराच्या फारसा कामाचा नाही.

कागद प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

हो. आधी कळवून या. पावसाळ्यात मोठे आराखडे आम्ही उघडत नाही. ओला कागद घडीवर फाटतो. दिवाळीनंतर यायला सगळ्यात चांगलं, त्या दिवसांत एखादं नाटकही पाहून होईल.

वही घरी नेता येईल का?

नाही. एकदा एक वही ओळखीवर दिली होती, ती परत आली नाही. आता फोटो देतो, वही नाही.

या आराखड्यांवरून आम्ही ऑर्गन बनवला तर चालेल का?

खुशाल बनवा. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखन-रेखाटनांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे या कागदांवर तो २०५४ च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहे. आम्ही सगळ्या वारसांनी मिळून ठरवलं आहे की वाद्य बनवायला, दुरुस्त करायला, शिकवायला हे आराखडे कोणीही वापरावे. अट एकच : काही बदल केलात, एखादं माप चुकीचं निघालं, काही जास्त चांगलं जमलं, तर ते आम्हाला लिहून पाठवा. ते आम्ही मूळ आराखड्याच्या प्रतीला जोडून ठेवतो. चित्रं छापून विकायची असतील तर मात्र आधी विचारा.

हे सगळं एखाद्या मोठ्या शहरातल्या संस्थेला का देत नाही? तिथे जास्त सुरक्षित राहील.

सुरक्षित राहील, हे मान्य. वातानुकूलित खोली आमच्याकडे नाही. फोटोंच्या प्रती आम्ही देतो आहोत, आणि घराला आग लागली तरी मजकूर वाचावा म्हणून त्या एकाहून जास्त जागी ठेवल्या आहेत. पण मूळ कागद इथून हलवायला माझं मन घेत नाही. या कागदांतली वाद्यं अजून इथल्या घरांत आहेत. ब्रह्मपुरीच्या, सिंदेवाहीच्या, साकोलीच्या माणसाला वाद्य बंडीत घालून इथे आणता येतं, काठी त्याच्यावर ठेवून पाहता येते. कितीही चांगला फोटो असला तरी त्यावरून पट्ट्या जुळत नाहीत. ज्या दिवशी इथे वापरणारं कोणी उरणार नाही, त्या दिवशी पुन्हा विचार करू.

आम्हाला पाइप ऑर्गन बनवणाऱ्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करायचा आहे. तुमच्याकडे काही आहे का?

आमच्याकडे नाही. इंग्लंडमधल्या ऑर्गनवाल्यांची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात, ब्रिटिश ऑर्गन अर्काइव्ह या नावाने ठेवली आहेत. वर आलेली एस्टे कंपनी १९०१ पासून नळ्यांचे ऑर्गनही बनवत होती आणि ब्रॅटलबरोला तिचं संग्रहालय आहे. तिकडचे कागद पाहून आलात तर आमचेही जरूर पाहा. काम वेगळं, पण नोंदी ठेवायची रीत इतकी सारखी आहे की नवल वाटतं. तिथेही पत्रं, करार, मापं आणि पूर्ण आकाराची चित्रं एकमेकांत गुंतलेली असतात.

आम्ही काही मदत करू शकतो का?

हो, आणि ती पैशांची नको. मिस्त्रींनी बनवलेल्या वाद्यांवर नावाची पाटी नाही. ओळखायची खूण आत आहे : मधल्या 'सा'च्या पांढऱ्या पट्टीच्या बुडाला, पट्टी बाहेर काढल्यावरच दिसेल अशी, पेन्सिलीने गावाचं नाव आणि मराठी महिना लिहिलेला असतो. गोंदिया ते चांदा फोर्ट ही गाडी नॅरोगेज होती तेव्हा काही वाद्यं रेल्वेनेही गेली, त्यामुळे ती नागभीड, मूलच्याही पुढे सापडू शकतील. तुमच्या गावच्या समाजमंदिरात, शाळेत, देवळात असा ऑर्गन असेल तर ती एक पट्टी अलगद उचलून बुडाचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि पाठवा. खूण नसली तरी पाठवा. जुन्या हंगामांतले साथीदार, ज्यांनी त्या काळी ऑर्गनवर साथ केली, त्यांच्याशी बोलायचं असेल तर लवकर बोला आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा. कोणत्या वाद्याची कोणती पट्टी अडायची हे वहीत एकदाच लिहिलेलं असतं, त्यांना ते अजून बोटांनी सांगता येतं.